उसातील बिबट्या आणि उत्तरांची घाई

शिरूर तालुक्याच्या दक्षिण कडेला, भीमेच्या काठावर मांडवगण फराटा हे गाव आहे. नदी ओलांडली की दौंड तालुका लागतो. दोन्ही तीरांवर नजर जाईल तेथवर ऊस उभा असतो. गावात वाघेश्वराचे देऊळ आहे. परंतु ज्या श्वापदाने या परिसराची झोप उडविली आहे ते वाघ नव्हे, बिबट्या होय. २०२४ च्या अखेरच्या महिन्यांत मांडवगण फराटा आणि आसपासच्या गावांत बिबट्याच्या हल्ल्यात लहान मुले दगावली. पुढल्याच वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला, पिंपरखेड-जांबूत परिसरात, अवघ्या तीन आठवड्यांत तीन बळी गेले. तेव्हा लोकांच्या सहनशक्तीचा बांध फुटला. महामार्ग अडविला गेला, वनखात्याचे वाहन जाळण्यात आले, आणि शेतात जाणारी माणसे गळ्याभोवती खिळ्यांचे पट्टे बांधू लागली. स्वतःच्या रानात खुरपणीला जाताना मानेचे रक्षण करावे लागावे, यापरते दैन्य ते कोणते?

अशा वेळी गावातून जी मागणी उठते ती सरळ असते : बिबटे पकडा आणि जंगलात नेऊन सोडा. या मागणीत अविचारी असे वरकरणी काहीच नाही. जंगली जनावर गावात आले आहे, त्याची जागा जंगलात आहे, तेव्हा त्याला त्याच्या जागी पोचते करावे, हा तर्क शाळकरी मुलालाही पटण्यासारखा आहे. प्रश्न इतकाच, की तो खरा आहे काय? आणि तो खरा आहे की नाही हे तपासण्याची कोणती सोय आपण ठेवली आहे? जुन्नर वनविभागात, ज्यात शिरूर तालुकाही मोडतो, हा तर्क एकदा मोठ्या प्रमाणावर आणि मोठ्या निष्ठेने आचरणात आणला गेला होता. त्याचे जे झाले ते आज पुन्हा आठवणे अगत्याचे आहे.

त्याआधी उसाची हकीकत पाहिली पाहिजे, कारण बिबट्याची हकीकत तिच्यातच दडलेली आहे. शिरूर हा मुळात पर्जन्यछायेतला, ज्वारी-बाजरीचा तालुका. घोड नदीवरील चिंचणीचे धरण, पुढे डिंभे आणि चासकमान यांचे कालवे आणि नदीवरचे बंधारे यांनी पाणी आणले. न्हावऱ्याला आणि पलीकडे पाटसला साखर कारखाने उभे राहिले आणि बाजरीच्या जागी ऊस आला. आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने रानात उभा असतो. पुरुषभर उंचीची दाट सावली, जवळ पाणी, वस्तीवर कुत्री, शेळ्या, कोंबड्या आणि उकिरड्यावरची डुकरे! जंगलात जे मिळावयाचे ते सारे, किंबहुना अधिक सुलभतेने, येथे मिळू लागले. मादी उसातच वितात. ऊसतोडणी सुरू झाली की फडात पिले सापडतात, ती याचमुळे. या पिलांनी जंगल कधी पाहिलेले नसते. त्यांचा जन्म फडातला, त्यांच्या आयांचाही बहुधा फडातलाच. तेव्हा अशा जनावराला ‘जंगलात परत’ नेणे म्हणजे मांडवगणात जन्मलेल्या माणसाला पणजोबांच्या मुळगावी ‘परत’ धाडण्यासारखे आहे. ‘परत’ या एका शब्दाने प्रश्नाचे अर्धे उत्तर, आणि तेही चुकीचे, आधीच देऊन टाकलेले असते.

आता जुन्नरचा अनुभव. २००१ च्या सुमारास या विभागात बिबट्यांना पकडून दूरच्या जंगलात सोडण्याची मोहीम जोराने सुरू झाली. पकडलेली जनावरे सरासरी सुमारे चाळीस किलोमीटर अंतरावरच्या जंगलांत सोडली गेली. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वनखात्याच्या नोंदी घेऊन या काळाचा जो अभ्यास केला, तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातले आकडे स्वस्थ बसू देणारे नाहीत. मोहिमेपूर्वी बिबट्याचे माणसावरील हल्ले वर्षाला सरासरी ४ होते. मोहीम सुरू झाल्यावर ते सरासरी १७ झाले. हल्ल्यांपैकी प्राणघातक ठरणाऱ्या हल्ल्यांचे प्रमाण १८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेले. माणसे वाचविण्यासाठी जो उपाय योजला, त्याच्याच काळात माणसे अधिक मेली.

येथे एक शंका कोणीही घेईल आणि ती घेतलीच पाहिजे. हल्ले वाढले म्हणून पकडमोहीम वाढली असेल; मोहिमेमुळे हल्ले वाढले असे कशावरून? कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडलेली नसेल कशावरून? शंका रास्त आहे. परंतु अभ्यासकांनी केवळ आधी-नंतरचे आकडे मांडून समाधान मानले नाही. हल्ले कोठे झाले आणि कधी झाले हेही त्यांनी ताडून पाहिले. ज्या ठिकाणी बिबटे सोडले त्याच्या जवळ हल्ले अधिक होते, दूर जावे तसे ते कमी होत होते; सोडल्यानंतरचे दिवस जसे लोटत, तसेही ते घटत होते. असा आकृतिबंध निव्वळ योगायोगाने उमटणे कठीण. म्हणूनच पुढे २०११ मध्ये केंद्र शासनाने मानव-बिबट संघर्षासंबंधी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत सरसकट पकडून दुसरीकडे सोडण्याच्या पद्धतीला आळा घालण्यात आला.

असे का घडले असावे? बिबट्या हा आपल्या मुलखाशी बांधलेला प्राणी आहे. कोणत्या ओढ्याने जायचे, कोणत्या वस्तीवर कुत्रे मोकळे असते, माणसे किती वाजता निजतात, याचे ज्ञान त्याला त्या मुलखापुरते असते आणि त्या ज्ञानाच्या बळावरच तो माणसाला टाळून माणसांत राहतो. पिंजऱ्याच्या गजांवर दात मोडून घेतलेले, भेदरलेले जनावर अनोळखी प्रदेशात सोडले की हे ज्ञान निरुपयोगी ठरते. पुष्कळदा ते घराच्या ओढीने चालू लागते. २००९ मध्ये त्या वेळच्या अहमदनगर, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेला एक म्हातारा नर बाहेर काढून, गळ्यात उपग्रहाशी जोडलेला पट्टा घालून, माळशेज घाटात सोडण्यात आला. अभ्यासकांनी त्याचे नाव ‘आजोबा’ ठेवले होते. हा आजोबा रेल्वेमार्ग, महामार्ग, कारखाने ओलांडीत सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोचला. वाटेत त्याने कोणावर हल्ला केल्याचे आढळले नाही. २०११ मध्ये महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो मेला. त्याच्यावर पुढे मराठी चित्रपटही निघाला. चित्रपटापेक्षा महत्त्वाची गोष्ट ही, की जनावर जेथे सोडावे तेथे राहतच नाही, हे पट्ट्याने उघड केले. इकडे पकडलेल्या जनावराची रिकामी झालेली जागाही रिकामी राहत नाही. शेजारचे एखादे तरुण, मुलखाशी अनभिज्ञ जनावर तेथे येते.

या साऱ्यात कोणाचा हेतू वाईट नव्हता. हल्ला झाला की लोक चिडत, लोक चिडले की पिंजरा लागे, पिंजऱ्यात सापडले ते जनावर दूर सोडले जाई, तेथे हल्ला झाला की तेथील लोक चिडत. या साखळीतली प्रत्येक कडी स्वतंत्रपणे पाहिली तर शहाणपणाची होती. प्रत्येक अधिकाऱ्याने त्या त्या दिवशी जे करायला हवे होते तेच केले. चूक दिसण्यासाठी कोणीतरी दहा वर्षांच्या नोंदी एका टेबलावर मांडायला हव्या होत्या, आणि ते काम खात्याच्या दैनंदिन कामकाजात कोणाचेच नव्हते. अनिश्चित परिस्थितीत निर्णय चुकणे स्वाभाविक आहे. चुकलेला निर्णय चुकला आहे हे कळण्याची व्यवस्थाच नसणे, हे मात्र स्वाभाविक म्हणून सोडून देता येत नाही.

पिंजऱ्याविषयी लोकांना वाटणारा विश्वास कशातून येतो हेही समजून घेतले पाहिजे. गावात हल्ला होतो, पिंजरा लागतो, एक बिबट्या सापडतो आणि पुढचे काही आठवडे शांत जातात. पिंजऱ्याने काम केले, असे सर्वांना वाटते. परंतु एखाद्या गावात माणसावर हल्ला होणे ही, किती भयंकर असली तरी, क्वचित घडणारी घटना आहे. पिंजरा न लावताही पुढचे आठवडे बहुधा शांतच गेले असते. चौथ्या दिवशी आपोआप उतरणाऱ्या तापाचे श्रेय तिसऱ्या दिवशी अंगारा लावणाऱ्या मांत्रिकाला मिळते, तसाच हा प्रकार. शिवाय सापडलेला बिबट्या हल्ला करणारा होता की केवळ भुकेने पिंजऱ्यातल्या शेळीकडे गेलेला दुसराच कोणी होता, हे त्याच्या तोंडावर लिहिलेले नसते. मृताच्या जखमांवरील लाळेचे, केसांचे नमुने आणि पकडलेल्या जनावराचे नमुने प्रयोगशाळेत जुळविल्यावाचून ते सांगता येत नाही. निष्पाप जनावर माणिकडोहच्या निवारा केंद्रात जन्मभर कोंडले गेले, याची हळहळ वाटणारे थोडे असतील. पण त्याची दुसरी बाजू गावाच्या जिव्हाळ्याची आहे : खरा हल्लेखोर अजून उसातच आहे आणि गाव मात्र निर्धास्त होऊन निजले आहे.

पुराव्याविषयी आग्रह धरणे म्हणजे दुःखितांच्या जखमेवर मीठ चोळणे, असे काहींना वाटते. त्यांनी दौंड तालुक्यात २०२४ च्या डिसेंबरात घडलेली एक घटना ध्यानात घ्यावी. शेतात एका महिलेचा मृतदेह सापडला. परिसरात बिबट्यांचा वावर, नुकतेच झालेले हल्ले आणि देहाची अवस्था पाहता हा बळी बिबट्याचाच, असे सर्वांनी धरून चालले. संताप उसळला, पिंजऱ्यांची मागणी झाली. तथापि नमुने नागपूरच्या प्रयोगशाळेत गेले होते. तेथील अहवालात बिबट्याचा मागमूस आढळला नाही. पोलिसांनी तपासाची दिशा बदलली आणि हा खून असल्याचे सांगून जानेवारी २०२५ मध्ये दोघांना अटक केली. न्यायालयात जे ठरायचे ते ठरेल. पण नमुने घेतलेच नसते, तर एका माणसाच्या मृत्यूची चौकशी एका जनावराच्या नावावर बंद झाली असती. ज्या मुलखात सर्वांच्या मनात एकच भीती असते, त्या मुलखात प्रत्येक खुणेचा अर्थ त्या भीतीच्या बाजूने लागतो.

एवढ्यावर, ‘तर मग बिबट्यांना हात लावूच नका, त्यांच्यासवे राहायला शिका’ असा निष्कर्ष काढणारेही भेटतात. त्यांच्या हाती अकोल्याचा दाखला असतो. अकोले तालुक्यातील शेतीच्या खोऱ्यात अत्रेय यांनीच स्वयंचलित कॅमेरे लावून मोजणी केली. २०१३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे असलेल्या त्या मुलखात शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच बिबटे निघाले, आणि त्या काळात तेथे बिबट्याने माणूस मारल्याची नोंद नव्हती. तेथील बिबट्यांच्या आहारात ८७ टक्के भाग पाळीव जनावरांचा होता; त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. शेळ्या कुत्र्यांच्या सातपट असूनही त्यांचा वाटा अवघा ११ टक्के, कारण शेळी रात्री बंद असते आणि कुत्रे मोकळे. बिबटे अधिक म्हणजे हल्ले अधिक, हे समीकरण दिसते तितके सरळ नाही, एवढे या अभ्यासाने निश्चित दाखविले.

मात्र अकोल्याचे उत्तर उचलून मांडवगणात आणून सोडणे हेही एक प्रकारचे स्थलांतरच होय, आणि तेही जनावराच्या स्थलांतराइतकेच धोक्याचे! अकोल्यात त्या वर्षांत माणसे मेली नाहीत. शिरूरमध्ये या वर्षांत मुले मेली, आणि तीही दूरच्या जंगलातून कोणी बिबटे आणून सोडण्याची मोहीम चालू नसताना. सहजीवनाचा उपदेश बहुधा पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यावरून येतो. उसाच्या बांधाला लागून कोपी घालून राहणाऱ्या तोडणी मजुराला तो ऐकविण्याचा अधिकार कोणाला आहे? ज्याचे मूल अंगणात खेळते त्याच्या दृष्टीने शंभरात एक ही शक्यता लहान नसते. दोन्ही बाजूंच्या मंडळींचा दोष एकच आहे. एकांना एक अनुभव पुरतो, दुसऱ्यांना दुसरा. आणि हाती असलेल्या अनुभवाला कोठवर ताणावे याचे भान दोघांनाही राहत नाही.

मग जेथे बिबट्यांच्या वर्तनाविषयी इतके थोडे ठामपणे सांगता येते, तेथे करायचे काय? येथे विचाराची एक जुनी, शेतकऱ्याला परिचित अशी रीत उपयोगी पडते. पाऊस कसा पडेल हे ज्याला ठाऊक नसते तो शहाणा कुणबी पावसाचे भाकीत करीत बसत नाही. पाऊस चांगला झाला तरी फळेल आणि ओढ बसली तरी सर्वस्व बुडणार नाही, अशा बेताने पेरा धरतो. बिबट्याच्या बाबतीतही कोणता अंदाज खरा ठरेल याची वाट न पाहता, कोणताही अंदाज खरा ठरला तरी माणूस वाचेल अशा गोष्टी आधी करता येतात. शेतीपंपांना रात्रीच्या पाळीने वीज मिळते, म्हणून शेतकरी रात्री-अपरात्री दारे धरण्यासाठी उसात उतरतो. दिवसा वीज मिळाली तर बिबट्या एक असो वा शंभर, तो त्या वेळी उसात नसतो. घर आणि ऊस यांच्यामध्ये काही वावाची मोकळी पट्टी राहिली, वस्तीवर दिवा लागला, घराला शौचालय असले, गोठ्याला दार आणि वरून जाळी असली, तर प्रत्येक गोष्टीने धोका थोडा थोडा कमी होतो. हल्ले लहान मुलांवर आणि तिन्हीसांजेला अधिक होतात हे पुरेसे दिसून आलेले आहे. तोडणीच्या हंगामात मजुरांची मुले त्या वेळी एकत्र, भिंतींच्या आत राहतील अशी सोय करणे कारखान्यांना अवघड नाही. ऊस तोडायला माणसे लागतात हे ज्यांना समजते त्यांना माणसांना मुले असतात हेही समजावे. गावकडेच्या उकिरड्यांचा आणि त्यांवर पोसलेल्या मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त हाही याच यादीत बसतो. मात्र भक्ष्य एकाएकी घटविले तर बिबट्या शेळ्यांकडे वळेल की निघून जाईल, हे तपासून पाहिल्यावाचून सांगता येणार नाही.

या गोष्टींना गाजावाजा नाही. पिंजरा वाजतगाजत गावात येतो, त्याचे छायाचित्र निघते. गोठ्याच्या दाराचे कोण काढतो? मृताच्या वारसांना २५ लाख रुपये देण्याची तरतूद शासनाने केली आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु मृत्यूनंतर मिळणारी रक्कम ठरलेली आणि मृत्यू टाळणारा खर्च मात्र कोणत्या खात्याचा हे न ठरलेले, अशी ही अवस्था आहे. वीज एका खात्याची, घरे दुसऱ्याची, कचरा ग्रामपंचायतीचा, ऊस कारखान्याचा, आणि बिबट्या तेवढा वनखात्याचा! म्हणून सारा प्रश्न बिबट्याच्या कपाळी चिकटतो.

जे बिबटे खरोखरच माणसांवर हल्ले करू लागले आहेत त्यांना हटविण्यावाचून गत्यंतर नाही, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. १९७२ चा वन्यजीव कायदाही माणसाच्या जिवाला धोका झालेल्या जनावराला पकडण्याची आणि पकडणे शक्यच नसेल तर ठार करण्याची परवानगी देण्याचा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकाला देतो. मुद्दा हटवावे की नाही हा नसून, ज्याला हटविले तोच तो होता की नाही हे नंतर तपासले जाते काय, आणि तपासाचे फलित गावाला सांगितले जाते काय, हा आहे. २०२५ मध्ये या विभागातील बिबट्यांच्या प्रजननावर नियंत्रण आणण्याचा प्रयोग करण्याच्या प्रस्तावाला केंद्र शासनाची संमती मिळाली. कल्पना विचारार्ह आहे. परंतु मोठ्या श्वापदांच्या बाबतीत तिचे फळ वर्षादोनवर्षांत हाती येणारे नव्हे, आणि आज उसात असलेली जनावरे त्याने आजच कमी होत नाहीत. तेव्हा प्रयोग म्हणायचा तर तो प्रयोगासारखा झाला पाहिजे. कोणत्या गावांच्या परिसरात तो केला आणि कोणत्या परिसरात केला नाही, हे आधी ठरवून लिहून ठेवावे. दोन्हीकडचे हल्ले, मारली गेलेली जनावरे आणि दिसलेली पिले त्याच एका पद्धतीने नोंदवावीत. आणि किती वर्षांनी कोणता आकडा दिसला तर हा मार्ग सोडायचा, हेही पहिल्याच दिवशी सांगून टाकावे. २००१ मध्ये एवढे झाले असते तर दोन वर्षांत जे कळले असते, ते कळायला दहा वर्षे लागली.

नोंदींचे हे काम वनरक्षकाच्या एकट्याच्या डायरीवर सोपविण्यासारखे नाही. हल्ल्याचा दिवस, वेळ, उसाचे अंतर, मूल एकटे होते की कोणाबरोबर, वीज होती की नव्हती, आधीच्या आठवड्यात कुत्री-शेळ्या गेल्या होत्या काय, या गोष्टी गावातल्या माणसांना ठाऊक असतात आणि महिनाभरात विसरल्याही जातात. पीकपाणी तलाठ्याच्या दप्तरात चढते, पाऊस तालुक्याच्या पर्जन्यमापकावर मोजला जातो, कारखान्यात उसाचा उतारा दशांशापर्यंत काढला जातो. दर हंगामात तोडणीचे वेळापत्रक गटवार तयार होते. कोणत्या दिवशी कोणता फड मोकळा होणार आणि त्यातले जनावर कोणत्या वस्तीच्या दिशेने सरकणार, याचा अंदाज त्या वेळापत्रकावरून आठवडाभर आधी बांधता येतो. ते वेळापत्रक कारखान्याच्या शेतकी कार्यालयात असते, आणि वनखात्याचे कार्यालय तेथून फार दूर नसते.